थिकनेसरची मोटर लोड घेत नाही, रिवाइंडिंगला द्यायच्या आधी काय काय बघायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २४ इंची जुना थिकनेसर (लाकूड रंधून एकसारख्या जाडीचं करणारी मशीन), त्यावर साडेसात एचपीची बिडाच्या बॉडीची जुनी थ्री फेज मोटर, १४४० आरपीएम, स्टार-डेल्टा स्टार्टर. मध्यंतरी वर्कशॉप नव्या शेडमध्ये हलवलं, आणि आधी जी मशीन फूटभर रुंद सागवानावर तीन मिलीमीटर आरामात काढायची ती आता एक मिलीमीटरला आवाज बदलते, दीड-दोनला तर बसतेच, मग ओव्हरलोड ट्रिप (जास्त करंट ओढला म्हणून रिले मोटर बंद करतो). रिकामी फिरताना काहीच तक्रार नाही. वाइंडिंगवाला आला, मोटर न उघडताच म्हणाला "वाइंडिंग वीक झालंय, भरून घ्या" (म्हणजे रिवाइंडिंग करा). भरून घ्यायचं का?

नाही, अजून नको. आणि हे "वाइंडिंग वीक झालं" प्रकरण एकदा नीट समजून घ्या कारण यावर लोकांचे भरपूर पैसे जातात. इंडक्शन मोटरचं तांब्याचं वाइंडिंग बॅटरीसारखं हळूहळू उतरत नाही. ते एक तर धड असतं, नाहीतर आत वेटोळी शॉर्ट झालेली असतात, आणि शॉर्ट झाली की मोटर रिकामी फिरताना सुद्धा घुरघुरते, एका बाजूने चटका लागेल इतकी तापते, वार्निशचा जळका वास येतो, आणि असं फार दिवस चालत नाही, शेवटी धूर निघतोच. महिना दोन महिने "जोर कमी आहे पण चालतेय" असं वाइंडिंगच्या दोषात सहसा होत नाही. जोर कमी होतो तो बहुतेक वेळा मोटरपर्यंत पोचणाऱ्या व्होल्टेजमुळे, जोडणीमुळे, नाहीतर मोटरच्या पुढे पट्ट्यापासून पात्यांपर्यंत कुठेतरी. रोटर फुटणं हे एक कारण आहे, ते खाली सांगतो, पण ते शेवटी बघायचं.

मुळात मोटरचा जोर म्हणजे टॉर्क हा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर जोर १० नाही, १९ टक्के कमी होतो. ४१५ च्या जागी ३४० मिळाले तर जोर दोन तृतीयांश राहिला. म्हणून व्होल्टेजची छोटी वाटणारी गडबड लाकूड आत घातल्यावर मोठी होऊन दिसते आणि रिकामी मोटर फिरताना अजिबात दिसत नाही, कारण रिकाम्या मोटरला जोर लागतच नाही. तुमची रिकामी मोटर मस्त फिरते हे मोटर चांगली असल्याचं लक्षण नाही आणि खराब असल्याचंही नाही.

आता तुमच्या केसमध्ये मला पहिला संशय स्टार्टरवर आहे. शेड हलवली म्हणजे सहाच्या सहा वायरी सुटल्या आणि परत लागल्या, टेम्पोत स्टार्टर उलटासुलटा पडला असेल, धूळ गेली असेल. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये मोटर आधी स्टारमध्ये सुरू होते, तेव्हा प्रत्येक वाइंडिंगला ४१५ ऐवजी साधारण २४० व्होल्टच मिळतात, म्हणून सुरुवातीचा झटका कमी बसतो, आणि काही सेकंदांनी ती डेल्टावर जाते व प्रत्येक वाइंडिंगला पूर्ण ४१५ मिळतात. हा दुसरा टप्पा झालाच नाही, म्हणजे टायमर अडकला, डेल्टा कॉन्टॅक्टरची (स्टार्टरमधल्या विजेवर चालणाऱ्या स्विचची) कॉइल गेली, इंटरलॉकचा (स्टार आणि डेल्टा एकदम लागू न देणारा) छोटा कॉन्टॅक्ट भुशाने बसला, काहीही, तर मोटर जन्मभर स्टारमध्येच फिरत राहते. रिकामी असताना काही कळत नाही, उलट आवाज नेहमीपेक्षा गोडच येतो. पण स्टारमध्ये जोर एक तृतीयांश. धड मोटर डेल्टात तिच्या रेटेड टॉर्कच्या दोन सव्वादोन पट जोर झटका आला तर देऊ शकते, त्याचं एक तृतीयांश केलं की पाऊणपट सुद्धा धड उरत नाही. म्हणजे पाटीवर साडेसात एचपी लिहिलेली मोटर पाच एचपीच्या कामाला सुद्धा दम सोडते, आणि बसता बसता करंट ओढते म्हणून रिले ट्रिप. तुम्ही जे वर्णन केलंय ते याला तंतोतंत बसतं, पण बसतं म्हणून तेच आहे असं नाही, मोजून बघायला लागेल.

मोजायचं कसं तर सगळ्यात सोपं म्हणजे मोटर चालू करून ती स्टारवरून डेल्टावर जायला लागणारा वेळ जाऊ द्यायचा, मग एकाच वाइंडिंगच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज बघायचं. टर्मिनल बॉक्समध्ये यू१ आणि यू२, जुन्या मोटरवर ए१ आणि ए२ लिहिलेलं असेल. तिथे ४१५ च्या आसपास दिसलं तर डेल्टा झालंय, २४० च्या आसपास दिसलं तर मोटर अजून स्टारमध्येच आहे, विषय संपला, मोटर सोडा आणि स्टार्टर दुरुस्त करा. तसंच व्ही आणि डब्ल्यूचं बघा. दुसरी खूण म्हणजे पट्टे काढून रिकाम्या मोटरचा करंट. साडेसात एचपी, चार पोल, फुल लोड करंट साधारण ११ अँपिअर, जुनी असेल तर पाटीवर थोडा जास्त लिहिलेला असतो. रिकामी असताना अशी मोटर ४ ते साडेपाच अँपिअर घेते. टाँग टेस्टरवर (वायरीभोवती चिमटा लावून करंट दाखवणारा मीटर) दीड अँपिअर दिसला तर "वा, किती कमी करंट घेते" म्हणून खूश होऊ नका, ती स्टारमध्ये आहे. कानाने पण कळतं, ऑटोमॅटिक स्टार्टर असेल तर सुरू करताना एक खट् आणि काही सेकंदांनी दुसरा खट् आलाच पाहिजे, आणि दुसऱ्या खट्नंतर मोटरचा आवाज किंचित भरतो. हँडलवाला जुना स्टार्टर असेल तर हँडल रनवर गेलं तरी आतली बोटं झिजलेली असतात, तीनपैकी दोनच टेकतात, ते झाकण उघडून डोळ्यांनीच बघायचं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. चालू पॅनलमध्ये मीटरच्या सळया लावायचं काम ज्याला सवय आहे त्या वायरमननेच करावं, तुम्ही शेजारी उभं राहून आकडे लिहून घ्या. ४१५ व्होल्टचा शॉर्ट झाला तर मीटर हातात फुटतो. आणि झाकण उघडताना नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही, मेन स्विच पाडून किटकॅट (फ्यूज) काढून खिशात ठेवायचे, म्हणजे मागून कुणी पोरगा येऊन मेन टाकणार नाही.

स्टार्टर स्टारवरून डेल्टावर बरोबर जातोय, पण वायरी परत लावताना अदलाबदल झाली असेल तर? हेही शेड हलवल्यावर हमखास होतं. समजा यू२ ची वायर चुकून तिच्याच यू१ च्या फेजवर आली आणि दुसऱ्या दोन टोकांची आपसात अदलाबदल झाली, तर स्टारमध्ये काही फरक पडत नाही कारण स्टारमध्ये ती तिन्ही टोकं एकत्रच बांधलेली असतात. मोटर छान उचलते, आणि डेल्टावर गेली की एक वाइंडिंग बाद आणि उरलेल्या दोघी एकाच जोडीवर, म्हणजे थ्री फेज मोटर सिंगल फेजसारखी फिरते. घुरघुरते, लाकूड टेकवलं की बसते, आणि टाँग टेस्टरवर एका लाइनमध्ये करंट जवळजवळ शून्य दिसतो, सप्लायच्या तिन्ही फेज ठणठणीत असताना. तिन्ही टोकं आपापल्याच फेजवर आली असतील तर डेल्टावर जाताना मोटरला व्होल्टेजच मिळत नाही आणि ती थांबते, पण तसं असतं तर तुम्ही लिहिलंच असतं. वायरींची खात्री करायला मोटर बंद, सहाही वायरी सुट्या, मल्टीमीटरच्या बीपवर जोड्या शोधायच्या, नंबर फेरूल (वायरीवर चढवायच्या आकड्यांच्या नळ्या) घालायचे, मग यू२ पुढच्या फेजवर, व्ही२ त्याच्या पुढच्या, डब्ल्यू२ परत पहिल्या. पाटीवर किंवा स्टार्टरच्या झाकणात आकृती असते ती बघा, अंदाजाने लावू नका.

बरं, हे सगळं नीट निघालं तर पुढचा गुन्हेगार म्हणजे एखादी फेज अर्धवट असणं. पूर्ण फेज गेली तर मोटर सुरूच होत नाही, नुसती हुम्म करते, ते सगळ्यांना माहीत आहे. पण फिरत असताना गेली तर फिरत राहते, आणि उरलेल्या दोन फेजमध्ये करंट पावणेदोन पट होतो. इथे फसायला होतं ते असं, की गेलेल्या फेजच्या टर्मिनलवर सुद्धा मीटर व्होल्टेज दाखवतो, कारण फिरणारी मोटर स्वतःच त्या वाइंडिंगमध्ये व्होल्टेज तयार करते. टेस्ट लॅम्प पण पेटतो. वायरमन म्हणतो तिन्ही फेज आहेत, आणि बिचारा खोटं बोलत नसतो. म्हणून फेज आहे का हे फिरत्या मोटरवर करंटने बघायचं, व्होल्टेजने नाही. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारं यंत्र) घेताना सुद्धा करंट बघणारा घ्या, नुसता व्होल्टेज बघणारा याच कारणाने कधी कधी गप्प बसतो.

अर्धवट फेज म्हणजे काय ते एका सॉ मिलवर बघितलेलं सांगतो, कारण तुमच्याकडे असंच निघू शकतं. बँडसॉची मोटर, तीच तक्रार, रिकामी मस्त, ओंडका लावला की मेली. दोनदा वाइंडिंग झालेलं होतं, वेगवेगळ्या लोकांकडून. मोटरला हात न लावता कॉन्टॅक्टर उघडला तर बाजूचे दोन कॉन्टॅक्ट ठीक, मधल्याची चांदीची टिकली पूर्ण उडालेली, खाली तांबं दिसत होतं, त्याला खड्डा पडून कडेला काळे मणी जमलेले, आणि त्याची स्प्रिंग तापून निळी पडून मऊ झालेली. बेकलाइटला मधल्या बाजूला तपकिरी डाग. रिकाम्या करंटला तो कॉन्टॅक्ट पुरत होता, लोडचा करंट आला की त्याच्यावरच १५ व्होल्ट पडायचे. १५ व्होल्ट आणि १० अँपिअर म्हणजे दीडशे वॅटची शेगडी त्या टिकलीएवढ्या जागेत. कॉन्टॅक्ट किट बदललं आणि मोटर चालायला लागली. हे बघायची पद्धत अशी, की मशीन लोडवर चालू असताना मीटर एसी व्होल्टवर ठेवायचा आणि एकाच पोलच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूवर सळया लावायच्या. धड कॉन्टॅक्टवर जवळजवळ शून्य दिसतो. व्होल्टात आकडा दिसायला लागला की समजा तिथे चोर बसलाय. हीच टेस्ट मेन स्विचच्या पात्यांवर, किटकॅटवर, ओव्हरलोड रिलेवर एकेक करून घेत जायची. तुमच्या शेडमध्ये लग नवीन मारलेले असतील तर तेही हलवून बघा, अॅल्युमिनियमची वायर पितळी टर्मिनलमध्ये आवळली की ती काही दिवसांनी दबून ढिली होते, परत आवळायला लागतेच, हे कुणी करत नाही.

केबलचं पण विचारायचंय, नवी शेड मीटरपासून किती लांब आहे? अॅल्युमिनियमच्या अडीच स्क्वेअर एमएमच्या केबलला किलोमीटरला साधारण १२ ओहम रेझिस्टन्स असतो, तांब्याच्या दीड स्क्वेअरला पण तितकाच. ८० मीटर केबल म्हणजे प्रत्येक वायरीत जवळपास एक ओहम, ११ अँपिअरला १६-१८ व्होल्ट वाटेतच गेले, आणि जाड कट घेताना करंट दुप्पट झाला की गेलेले व्होल्ट पण दुप्पट. त्यात डीपीवरून येतानाच ३९० असेल तर मोटरच्या तोंडाशी ३६० सुद्धा राहत नाहीत. म्हणून व्होल्टेज मोजायचं ते मीटरच्या बोर्डावर नाही, मोटरच्या टर्मिनलवर, आणि रिकामं नाही, लाकूड आत असताना. दोन्ही ठिकाणचे आकडे लिहा, फरक केबलचा. इतक्या अंतराला चार किंवा सहा स्क्वेअर तांबं टाका, पैसे लागतील पण रिवाइंडिंगच्या वर परत रिवाइंडिंगपेक्षा बरं.

गावाकडे असाल तर वेळ पण लिहा. शेतीपंपांच्या वेळेत आणि रात्री नऊनंतर त्याच बोर्डावर वेगळे आकडे येतात. आसपास कुणी एक फेज नसताना कंडेन्सर लावून टू फेजवर पंप चालवत असेल तर तिन्ही फेज सारख्या राहत नाहीत, आणि व्होल्टेजमधला थोडा फरक मोटरच्या करंटमध्ये सहा ते दहा पट होऊन दिसतो. उदाहरण घ्या, तीन जोड्यांमध्ये ४१०, ४०५, ३९५ आले. सरासरी ४०३, सगळ्यात लांबचा आकडा ८ ने लांब, म्हणजे २ टक्के फरक, ऐकायला काहीच नाही. पण करंट साडेनऊ, पावणेदहा आणि बारा असे येऊ शकतात, आणि त्या बारावाल्या फेजचं वाइंडिंग बाकीच्यांपेक्षा जास्त तापणार. व्होल्टेजचा फरक ५ टक्क्यांच्या वर असेल तर मोटर चालवूच नये.

करंट असे कमी जास्त आले तर दोष लाइनचा का मोटरचा हे ओळखायची एक सुंदर युक्ती आहे आणि तिला काही खर्च नाही. मोटरकडे जाणाऱ्या लाइनच्या तिन्ही वायरी स्टार्टरच्या वरच्या बाजूला एकेक घर पुढे सरकवायच्या, लालच्या जागी पिवळी, पिवळीच्या जागी निळी, निळीच्या जागी लाल. तिन्ही सरकवल्यामुळे फिरायची दिशा बदलत नाही. परत तोच लोड देऊन करंट मोजा. जास्त करंट जर त्या रंगाच्या वायरीबरोबर सरकला तर दोष लाइनचा, मोटर निर्दोष. जर रंग बदलूनही जास्त करंट मोटरच्या त्याच टोकाला राहिला तर दोष स्टार्टरच्या त्या पोलपासून मोटरच्या आत कुठेतरी. वाइंडिंगवाल्याशी वाद घालायला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

आता समजा मोटरच्या तोंडाशी लोडवर ४०० च्या वर व्होल्टेज आहे, तिन्ही करंट सारखे आहेत पण १४-१५ अँपिअर दिसतायत. म्हणजे मोटर तिचं काम इमानदारीत करतेय, मशीनच जास्त मागतेय. मग वीज सोडा आणि मशीनकडे या. सगळ्यात आधी पाती. हे सांगितलं की सुतार मंडळींना राग येतो, "पाती परवाच लावली" म्हणतात. सागवानात सिलिका असते, ती पात्याची धार खाते, आणि जुनं उतरवलेलं सागवान असेल तर त्यात खिळ्यांचे तुकडे आणि चुना. अंगठ्याने धार बघू नका, उजेडाखाली पात्याची कड बघा, कडेवर चकाकणारी पांढरी रेघ दिसली म्हणजे धार गोल झालीये, धार असलेली कड चमकत नाही. बोथट पाती लाकूड कापत नाहीत, ठोकतात, आणि तेवढ्याच कटाला कितीतरी जास्त ताकद मागतात. पात्याला मागून घासणारा कोन उरला नसेल तरी तेच. आणि कटर ब्लॉकमध्ये पाती एका पातळीत बसली नसतील तर एकच पातं सगळं काम करतं.

पट्टे. करंट कमी, मोटरचा वेग बरोबर, पण कटर ब्लॉक बसतोय, असं दिसलं की पट्टे घसरतायत, हे सगळ्यात स्वस्त दुखणं. शेड हलवताना मोटर पाटावरून काढली असेल तर परत बसवताना ताण कमी राहिला असणार. दोन पुलींच्या मध्ये पट्ट्याची जी मोकळी लांबी आहे तिच्या मधोमध अंगठ्याने दाबा, अर्धा मीटर लांबीला साधारण ८ मिलीमीटर दबला पाहिजे. तीन बी सेक्शनचे पट्टे असतील तर तिन्ही एकाच सेटचे हवेत, एकच नवीन टाकला तर तो एकटा लोड घेतो आणि बाकीचे दोघं नुसते सोबतीला. आणि पुलीच्या खोबणीचा तळ बघा, तळ चकचकीत असेल तर पट्टा तळाला टेकतोय, व्ही पट्टा हा कडांनी धरतो, तळाला टेकला की कितीही ताणा, घसरणारच, पुली बदला. मोटरच्या शाफ्टवरची चावी पण बघा, सैल झालेली असली तर लोडला टकटक येते.

हाताने फिरवून बघणं कुणी करत नाही. मेन पाडून, पट्टे काढून, कटर ब्लॉक जपून फिरवा, पात्यांना चिंधी किंवा लाकडी पट्टी बांधून. मग मोटर वेगळी फिरवा. मोटरचा शाफ्ट वर उचलून बघा, डोळ्याला दिसेल एवढी हालचाल असेल तर बेरिंग गेलं. साडेसात एचपीत रोटर आणि स्टेटरमधली फट अर्ध्या मिलीमीटरच्या आसपासच असते, बेरिंग झिजलं की पट्ट्यांच्या ताणाने रोटर एका बाजूला ओढला जाऊन स्टेटरला घासतो, उघडल्यावर रोटरवर चकचकीत पट्टा दिसतो. हे झालं की जोर जातो आणि ताप वाढतो. तुमची मोटर जुनी जाळीवाली, म्हणजे उघडी हवेशीर बॉडी असेल तर तिच्या पोटात भुशाचा गादीसारखा थर असणारच, ब्लोअरने साफ करा. पावसाळ्यात त्या थराला ओल धरते, ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) एक मेगओहमच्या खाली आलं तर आधी वाळवा, २०० वॅटचा बल्ब आत सोडून दोन रात्री ठेवला तरी बहुतेक वेळा चढतं, लगेच भरायची गरज नसते.

रोटरचं राहिलं. स्क्विरल केज रोटरमध्ये अॅल्युमिनियमच्या किंवा जुन्या मोटरमध्ये तांब्याच्या पट्ट्या असतात, त्या टोकाच्या रिंगला जोडलेल्या. जड कटर ब्लॉक वर्षानुवर्षं दिवसातून पंचवीस वेळा चालू बंद केला की त्या तुटू शकतात. याची खूण अशी की व्होल्टेज बरोबर, तिन्ही करंट सारखे, पण सुरू व्हायला वेळ लागतो, लोडवर आरपीएम १४४० च्या बरेच खाली जातात, आणि काट्याच्या टाँग टेस्टरवर काटा एका तालात मागेपुढे डुलतो, डिजिटलवर आकडा स्थिर होत नाही. खात्री करायची तर मोटर सुटी करून डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमीजास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) दोन टर्मिनलना एवढंच व्होल्टेज द्यायचं की करंट फुल लोडच्या आसपास येईल, बहुतेक १०० व्होल्टच्या आतच येतो, आणि शाफ्ट हाताने हळूहळू फिरवत करंट बघायचा. सगळीकडे जवळपास सारखा आला तर रोटर चांगला, ठरावीक जागी पडत असेल तर पट्टी तुटलीये. पटकन करायचं, मोटर उभ्या जागी तापते. आणि हे लक्षात घ्या, की रोटर फुटलेला असताना स्टेटर कितीही सुंदर भरला तरी काही उपयोग नाही, वाइंडिंग करून आणूनही जोर नाही म्हणणाऱ्यांपैकी काहींचं दुखणं हेच असतं.

तुमची मोटर आधी कधी भरलीये का, हे तुम्ही लिहिलं नाही. भरली असेल तर ते महत्त्वाचं आहे. वाइंडिंगवाल्याने जुनी वेटोळी न मोजता अंदाजाने १० टक्के जास्त घातली तर जोर १७-१८ टक्के कमी झालाच, मोटर थंड राहते, करंट कमी घेते, सगळे खूश, फक्त लाकूड कापत नाही. कमी घातली तर रिकामीच तापते. जुनं वाइंडिंग काढायला स्टेटर सरळ जाळात घातला असेल तर पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं, मग ती मोटर रिकामी सुद्धा जास्त करंट खाते आणि हे परत नीट होत नाही. एक कॉइल उलटी जोडली गेली असेल तर मात्र पहिल्या दिवसापासून घुरघुर आणि तीन करंट तीन तऱ्हेचे असतात. जोर हळूहळू नाही, भरून आल्याच दिवशी गेला का हे आठवून बघा.

कुणी सिंगल फेज ड्राइव्हवर (सिंगल फेजची वीज घेऊन थ्री फेज देणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) चालवायचा सल्ला देईल त्यालाही एक ओळ. २३० व्होल्ट आत घेणारी साधी ड्राइव्ह बाहेर २३० थ्री फेजच देते, आणि तुमची मोटर ४१५ डेल्टाची आहे, ५० हर्ट्झला तिच्यात तोच स्टारवाला जोर येणार. तुमच्या कामाची नाही ती.

तर वायरमनला बोलवा आणि एका बैठकीत हे आकडे घ्या: लोडवर मोटरच्या टोकांना तिन्ही जोड्यांचं व्होल्टेज, त्याच वेळी बोर्डावरचं, तिन्ही लाइनचे करंट लोडवर आणि पट्टे काढून, यू१-यू२ मधलं व्होल्टेज, आणि टॅकोमीटर मिळाला तर आरपीएम. ओव्हरलोड रिले कितीवर लावलाय तेही बघा. स्टार-डेल्टामध्ये रिले बहुतेक वाइंडिंगच्या वायरीत असतो, तिथे ११ ला ०.५८ ने गुणून साधारण ६.४ अँपिअर लावायचा असतो. कुणी ट्रिप होतंय म्हणून तो ११ वर नेऊन ठेवला असेल तर आधी खाली आणा, नाहीतर हे सगळं शोधेपर्यंत वाइंडिंग खरंच जळेल.

आणि इतकं करून दोष वाइंडिंग किंवा रोटरमध्येच निघाला तर? नुसतं वाइंडिंग असेल आणि कोर चांगला असेल तर भरा, मी जुन्या बिडाच्या मोटरच्या बाजूचा आहे, बॉडीत लोखंड भरपूर असतं आणि ताप सहन करतात. फक्त समोर उभं राहून जुनी वेटोळी मोजून घ्या, वायरीचा गेज मायक्रोमीटरने लिहून घ्या, तांबंच वापरायला सांगा, एफ क्लासचं (जास्त ताप सोसणारं) इन्सुलेशन मटेरियल, आणि घरी नेताना तिथेच रिकामा करंट तिन्ही फेजवर मोजून बिलावर लिहून घ्या. रोटर गेला असेल तर मात्र नवीनच घ्या, त्याच्या मागे लागू नका. नवीन साडेसात एचपी चार पोल १३२ फ्रेममध्ये (मोटरच्या बॉडीचं ठरलेलं माप) येते, शाफ्ट ३८ मिलीमीटर. तुमच्या जुन्या मोटरचा शाफ्ट इंची मापाचा असेल तर पुलीचं भोक आणि पाटाची भोकं दोन्ही जुळणार नाहीत, म्हणून मोटर आणायच्या आधी जुन्या शाफ्टचं माप, उंची आणि पायांच्या भोकांमधलं अंतर घेऊन टर्नरकडे जा, पुली आधी ठरवा, मोटर मग.